तंबू, वाळू आणि लोपलेला कर्ता

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाच्या ‘कॅम्पिंग’वरील लेख हा आता एक स्वतंत्र लेखनप्रकार मानावा, इतका तो आपल्याकडे रुळला आहे. मंडळांच्या स्मरणिकांतून, दिवाळी अंकांतून, रविवारच्या पुरवण्यांतून तो नेमाने भेटतो. त्याचा साचा पक्का आहे. शुक्रवारी दुपारी गाडीत सामान कोंबायचे, रस्त्यात मुलांनी कंटाळायचे, समुद्रकाठच्या एखाद्या ‘स्टेट पार्क’मध्ये अंधार पडता पडता पोहोचायचे, तंबूची मेख वाळूत ठरत नाही म्हणून बाबांनी घाम गाळायचा. रात्री शेकोटी, आकाशगंगा, आणि मग लेखकाला आपले कोकणातले किंवा देशावरचे बालपण आठवायचे. सकाळी कांदेपोहे, त्यांत थोडी वाळू. शेवटी ‘निसर्गाच्या कुशीत’ हे शब्द यावेत अशी जणू संपादकांची अटच असते.

अशा लेखांवर हलकेफुलके असल्याचा आरोप आम्हाला करायचा नाही. हलकेफुलके लिहिणे कठीण असते आणि मराठीत ते चांगले लिहिले गेले आहे. आमचा आक्षेप वेगळा आहे. हे लेख ज्या जागेला ‘निसर्ग’ म्हणतात ती जागा निसर्ग नसते. ती एक सार्वजनिक संस्था असते. ती कोणीतरी आखलेली, कष्टाने उभारलेली असते, आणि कित्येकदा न्यायालयात भांडून मिळवलेली असते. तिला निसर्ग म्हटले की हे सारे एका झटक्यात पुसले जाते.

ही पुसापुशी व्याकरणात दिसते. या लेखांतली वाक्ये पाहावीत: वाटा आखलेल्या आहेत, फळ्यांचे पूल बांधलेले आहेत, प्रत्येक जागेवर बाक-टेबल आणि शेकोटीचे कडे ठेवलेले आहे, स्वच्छतागृहे लख्ख राखलेली आहेत. सगळी रचना कर्मणी आणि कर्ता कुठेच नाही. आखल्या कोणी, बांधले कोणी, कोणासाठी आणि कोणाला वगळून, हे प्रश्न वाक्यालाच पडत नाहीत; मग ते वाचकाला कसे पडावेत? ‘तिकडे सगळे कसे छान असते’ या उद्गाराचा पाया हा लोपलेला कर्ता आहे.

उदाहरण एकच घेऊ, पण नीट घेऊ. व्हर्जिनिया राज्यात चेसापीक उपसागराच्या तोंडाशी ‘फर्स्ट लँडिंग स्टेट पार्क’ आहे. वॉशिंग्टनच्या परिसरातील मराठी कुटुंबांना शनिवार-रविवार साधून जाता येईल एवढ्या अंतरावर. आमच्यापैकी दोघे तिथे आप्तांच्या कुटुंबाबरोबर तंबूत राहून आले आहेत, त्यामुळे तिथल्या सुखाविषयी आम्हाला पुस्तकी शंका नाहीत. तंबूच्या जागा वाळूच्या टेकड्यांमागे, झाडीत आहेत. टेकड्यांवरून पुळणीवर उतरायला फळ्यांची वाट आहे आणि तिच्यावरूनच जायचे. वाळूवर उगवणारे गवत पायाखाली मेले की त्याच्या मुळांनी धरून ठेवलेली टेकडी वारा घेऊन जातो. जळण दुरून आणू नये, कारण लाकडाबरोबर कीड येते. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. आत पाणथळीत बाल्ड सायप्रसची झाडे काळ्या पाण्यात उभी आणि फांद्यांवरून स्पॅनिश मॉसच्या करड्या जटा लोंबणाऱ्या. अटलांटिक किनाऱ्यावर याच्या फारशा उत्तरेला त्या दिसत नाहीत. डास भरपूर. समोर उपसागराच्या तोंडाशी मालवाहू जहाजे नांगर टाकून असतात आणि शेजारीच लष्करी तळ असल्याने आकाशातली शांतता दहा वाजताचा नियम पाळत नाही. (कॅम्पिंगच्या लेखांत लढाऊ विमाने कधी येत नाहीत, हे जाता जाता नोंदवू.)

आता कर्ता शोधू. हे उद्यान १५ जून १९३६ रोजी, व्हर्जिनियाच्या पहिल्या सहा राज्य-उद्यानांपैकी एक म्हणून उघडले. तेव्हा त्याचे नाव ‘सीशोअर स्टेट पार्क’ होते. महामंदीच्या काळात, १९३३ साली, रूझवेल्ट सरकारने बेकार तरुणांसाठी ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’ ही योजना काढली. महिना तीस डॉलर मिळत आणि त्यांतले बहुतेक परस्पर घरी धाडले जात. या योजनेतल्या तुकड्या वर्णानुसार वेगळ्या केलेल्या होत्या. सीशोअर उद्यान ज्यांनी उभारले त्यांत मोठा वाटा कृष्णवर्णीय तरुणांचा होता. दलदलीतून वाटा त्यांनी काढल्या. उद्यान तयार झाले, फाटक उघडले, आणि पाहुणा म्हणून त्या फाटकातून आत येण्याचा अधिकार मात्र त्यांना नव्हता.

१९५१ साली चार कृष्णवर्णीय नागरिकांना या उद्यानात प्रवेश नाकारला गेला. त्यांनी दावा लावला. शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९५४ चा. त्याच्या पुढच्या वर्षी संघीय न्यायालयाने सीशोअरच्या बाबतीतही राज्याच्या विरुद्ध निर्णय दिला. राज्याने काय करावे? उद्यान खासगी चालकाला भाड्याने देऊन टाकण्याचा मार्ग शोधला, म्हणजे सरकार भेदभाव करीत नाही असे म्हणता येईल आणि फाटक तसेच राहील. न्यायालयाने ती पळवाटही बुजवली: भाडेकरूलाही भेदभाव करता येणार नाही. वरच्या न्यायालयाने १९५६ मध्ये हे कायम केले. मग राज्याने उद्यानच बंद ठेवले. ज्या पुळणीवर सर्वांना येऊ द्यावे लागते ती कोणालाच नको, असा हा हिशेब. १९६१ पर्यंत ते बंद होते. राज्यातली सर्व उद्याने निरपवादपणे सर्वांना खुली व्हायला १९६४ चा नागरी हक्क कायदा यावा लागला.

मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटण्याचे काही कारण आहे का? महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला; २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांनी त्या तळ्याचे पाणी प्रत्यक्ष प्यायले. त्यानंतर तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. पुढे जो दिवाणी दावा झाला त्यात स्पृश्यांचे म्हणणे काय होते? तळे सार्वजनिक नाहीच, ते खासगी मालकीचे आहे! मुंबई उच्च न्यायालयाने ते अमान्य केले, पण १९३७ साली. फाटक उघडावे लागणार असे दिसताच ‘हे मुळी सार्वजनिकच नाही’ म्हणायचे, ही युक्ती महाडला सुचली आणि व्हर्जिनियालाही सुचली. एकाने दुसऱ्याचे पाहून केले नाही, हे उघड आहे. पण ज्याने महाड वाचले आहे त्याला सीशोअर कळायला वेळ लागत नाही. तुलना शोधायला कोकणातली पुळण आणि आजोळचे अंगण आठवणाऱ्या मराठी लेखकाला त्याच कोकणाच्या वाटेवरचे महाड कसे आठवत नाही, याचे आम्हाला आश्चर्य वाटते. खरे तर वाटत नाही. आठवणींचीही फाटके असतात.

नावाचीही एक कथा आहे. १९९७ मध्ये उद्यानाचे नाव ‘फर्स्ट लँडिंग’, म्हणजे पहिले पाऊल, असे झाले. २६ एप्रिल १६०७ रोजी व्हर्जिनिया कंपनीची तीन जहाजे या भूशिरावर लागली आणि मग मंडळी पुढे जेम्सटाउनला गेली, हा त्याचा संदर्भ. ‘पहिले’ कोणाचे? किनाऱ्यावर चेसापीक लोक राहत होते. पहिल्याच रात्री इंग्रजांवर बाण आले. त्याच १९९७ मध्ये, उत्खननात निघालेले चेसापीक जमातीच्या ६४ जणांचे अवशेष नॅन्समंड जमातीच्या पुढाकाराने याच उद्यानात पुन्हा पुरण्यात आले. एका वर्षात एकाच वाळूने दोन नोंदी घेतल्या. त्यांतली एक पाटीवर मोठ्या अक्षरांत आहे. आणि ही व्हर्जिनिया कंपनी आपल्या इतिहासापासून फार दूरची नाही: ईस्ट इंडिया कंपनीचे पहिले गव्हर्नर सर टॉमस स्माइथ हेच पुढे व्हर्जिनिया कंपनीचे कोषाध्यक्ष होते. लंडनच्या त्याच पेढ्यांवरून दोन दिशांना जहाजे निघाली, एवढे लक्षात ठेवले तरी पुळणीवरची जहाजे निराळी दिसू लागतात.

यावर ठरलेले उत्तर आम्हाला ठाऊक आहे. माणूस चार दिवस सुट्टीवर जातो. तिथे त्याने काय न्यायनिवाडे वाचत बसायचे? मुलांना वाळूत किल्ला करू द्यायचा की नाही? अवश्य करू द्यावा. आम्ही सहलीविषयी बोलत नाही, सहलीनंतर लिहिलेल्या आणि छापलेल्या लेखाविषयी बोलत आहोत. लिहिणारा माणूस सुट्टीवर नसतो. शिवाय ज्या कुटुंबाचा हा लेख आहे त्याचा या इतिहासाशी संबंध पाहुण्याचा नाही. भारतातून अमेरिकेत मोठ्या संख्येने जाणे शक्य झाले ते १९६५ च्या स्थलांतर कायद्याने, आणि तो कायदा नागरी हक्कांच्या त्याच लाटेत आला. त्या कुटुंबाचा व्हिसा आणि त्या उद्यानाचे फाटक ही एकाच दशकात उघडलेली दोन दारे आहेत. तरी लेखक ‘अमेरिकन माणसाची शिस्त’ या दोन शब्दांत आभार मानून मोकळा होतो.

दुसरे उत्तर अधिक विद्वान असते: ललित लेखनाकडून समाजशास्त्राची अपेक्षा करू नये. अनंत काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’पासून (१९४०) मराठी प्रवासवर्णनाने माहितीचे ओझे टाकले आणि ते लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाचा आविष्कार झाले, असे आपण वर्गात शिकवतो. शिकवावेच. पण त्या पुस्तकातला प्रवासी कुठे निघाला होता ते शीर्षकातच आहे. त्याच्या व्यक्तिमत्त्वाला राजकारणाचे वावडे नव्हते. आणि त्याच्याही आधी, १८८९ साली, पंडिता रमाबाईंनी अमेरिकेवर जे पुस्तक लिहिले त्याचे नाव आहे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’. लोकस्थिती आधी, प्रवास नंतर. रमाबाईंना तो देश मनापासून आवडला होता. तिथल्या स्त्रियांच्या संस्थांवर, शिक्षणावर त्या भरभरून लिहितात. तरी कृष्णवर्णीयांशी होणारा व्यवहार आणि मूळ रहिवाशांवरचा अन्याय त्यांच्या नजरेतून सुटला नाही. प्रेम आणि परीक्षण एका वहीत मावते, हे मराठीत १८८९ मध्ये सिद्ध झालेले आहे. मग आज ते मावत नसेल तर दोष ललित या प्रकाराला का द्यायचा?

असो. आमच्या दृष्टीने प्रश्न अभ्यासक्रमाचाही आहे. प्रवासवर्णनाच्या प्रश्नपत्रिकेत ‘निसर्गवर्णनाची वैशिष्ट्ये लिहा’ हा प्रश्न वर्षानुवर्षे येतो आणि विद्यार्थी प्रतिमा, रंग, गंध अशी यादी देऊन गुण घेऊन जातात. गेल्या सत्रात आम्ही एम.ए.च्या वर्गाला असाच एक कॅम्पिंगचा लेख, लेखकाचे नाव झाकून, दिला आणि एवढेच सांगितले: यातली कर्मणी वाक्ये शोधा आणि प्रत्येकाचा कर्ता कंसात लिहा, सापडत नसेल तर तसे लिहा. वाटा, पूल, बाक यांच्यापुढे बहुतेकांनी ‘सरकार’ लिहिले, दोघांनी ‘मजूर’ लिहिले, एकाने ‘माहीत नाही’ असे लिहून त्याखाली रेघ ओढली. मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने मात्र आम्ही खूण न केलेले वाक्य उचलले. ‘पोहे आधीच भिजवून ठेवलेले होते.’ तिने कंसात लिहिले होते: (आई).