नदीकाठ आणि मुदतीचा परवाना

नदीकाठी बांधकामास मनाई करणारे नियम म्हणजे शेतकऱ्याच्या मालकीहक्कावर सरकारने घातलेला घाला होय, आणि मांडव, तंबू, पत्र्याच्या शेडी, लग्नाची लॉन्स अशा तात्पुरत्या वापरांनाही त्या नियमांच्या कक्षेत ओढणे हा तर निव्वळ जुलूम होय, असे प्रतिपादन मुळशी तालुक्यात वारंवार कानी येते. लवळ्यासारख्या गावी, जेथे डोंगरावर सिंबायोसिस व फ्लेम ही विद्यापीठे वसली आणि खालच्या जमिनींचे भाव शेतीच्या उत्पन्नाशी कसलाही संबंध न ठेवता वाढत गेले, तेथे या प्रतिपादनास श्रोते मिळावेत यात नवल नाही. त्यामागील विवंचना खरी आहे; भाताच्या दोन खाचरांवर आज कोणाचे घर चालते? परंतु विवंचना खरी म्हणून युक्तिवादही खरा, असे होत नाही.

पूर्वपक्षाचा मुख्य आधार अनुभवाचा आहे: आमच्या हयातीत नदी इथवर आली नाही. मुळा नदीच्या बाबतीत नेमका हाच अनुभव फसवा आहे. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये ज्याविरुद्ध सत्याग्रह झाला, त्या टाटांच्या मुळशी धरणाने या नदीचे पाणी सह्याद्रीपलीकडे भिरा येथील वीजगृहाकडे वळविले, आणि त्यामुळे लवळ्याच्या शिवाराजवळून वाहणारी मुळा वर्षाचा बहुतेक काळ आपल्या मूळ देहयष्टीच्या मानाने कृश दिसते. त्या कृशतेलाच तिची मर्यादा समजून माणसे कुंपणे पुढे सरकवितात. आणि एखाद्या आषाढ-श्रावणात धरण भरून दरवाजे उघडले, की नदी आपली जुनी वहिवाट मागावयास येते.

पाटबंधारे खात्याच्या १९८९ च्या परिपत्रकाने पात्रापासून निळ्या रेषेपर्यंतचे क्षेत्र निषिद्ध आणि तेथून लाल रेषेपर्यंतचे नियंत्रित ठरविले. पहिली रेषा सामान्यतः पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, दुसरी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 'पंचवीस वर्षांतून एकदा' या शब्दांनी लोक निश्चिंत होतात, जणू पूर आपली पाळी सांभाळून येतो. वस्तुतः त्याचा अर्थ असा की दरवर्षी चार टक्के संभव; आणि तीस वर्षांच्या अवधीत असा पूर एकदा तरी येण्याचा संभव सत्तर टक्क्यांच्या वर जातो. एवढ्या जोखमीवर कोणता सावकार कर्ज देईल?

यावर उत्तर येते की आम्ही इमारत कोठे बांधतो, मांडव तर उद्या उचलू. मांडव उचलला जाईल, हे कबूल. परंतु हिरवळ समतल दिसावी म्हणून ओतलेला मुरमाचा भराव, मोटारी लावण्यासाठी केलेले काँक्रीट आणि चोहोबाजूंची भिंत कोणी उचलीत नाही. भरावाने पात्राची जागा व्यापली की तेवढे पाणी समोरच्या काठावर चढते. वाहून गेलेले पत्रे आणि वासे खालच्या पुलाच्या कमानींत अडकले की वरच्या गावी फुगवटा येतो. मालकीहक्काचा सारा युक्तिवाद येथेच ढासळतो, कारण उत्पन्न एका गटनंबराचे आणि नुकसान पैलतीरावरच्या दुसऱ्याच खातेदाराचे.

इंद्रायणीकाठी चिखलीत निळ्या रेषेच्या आत उभे राहिलेले ३६ बंगले हरित लवादाच्या आदेशानुसार, सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरल्यावर, मे २०२५ मध्ये महापालिकेने पाडले. त्या वेळी नियमाच्या क्रौर्याविषयी पुष्कळ बोलले गेले. मला क्रौर्य दिसले ते नियम वेळीच न बजावण्यात. पहिले जोते उठताच नोटीस जाऊन काम थांबले असते, तर तेथे राहावयास आलेल्या माणसावर डोळ्यांदेखत घर पडताना पाहण्याची पाळी आली नसती.

आता मंडनाकडे. तात्पुरता वापर आपल्या मुलखाला नवा नाही. वाळवंटातील कलिंगडांच्या वाड्या पावसापूर्वी आवरल्या जातात. धनगराचा वाडा चार रात्री रानात बसतो आणि जाताना खत ठेवून जातो. गोव्याच्या किनाऱ्यावरील शॅकही सप्टेंबर ते मे एवढ्याच हंगामाचे, ही रूढी २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेने मान्य केली. या सर्वांची मुदत पाऊसपाण्याने ठरविली, अर्जदाराच्या सोयीने नव्हे.

तोच न्याय मुळाकाठी लावावा. निळ्या रेषेच्या आत कायम बांधकाम नाहीच. मुदतीचा परवाना दिलाच तर तो ३१ मे रोजी आपोआप संपावा, जोते, भराव व पक्की भिंत यांस सक्त मनाई असावी, जागा पूर्ववत करण्याच्या खर्चाची अनामत आधीच घ्यावी आणि या अटींची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात व्हावी. मात्र पूररेषा कचेरीतील नकाशात कोंडून ठेवून गावकऱ्यास गुन्हेगार ठरविण्याचा अधिकार सरकारलाही नाही. ती शिवारात दगड रोवून दाखविली पाहिजे, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात तलाठ्याने जागेवर जाऊन केलेला पंचनामा चावडीवर लागला पाहिजे.

राहता राहिला लॉनवाल्यांच्या रोजगाराचा आक्षेप. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत आपल्याकडे एरवीही लग्नाचे मुहूर्त धरीत नाहीत. म्हणजे या नियमाने बुडतील ते जून-जुलैमधले मोजके मुहूर्त, आणि त्यांच्यासाठी निळ्या रेषेबाहेरची जागा याच तालुक्यात मिळते, फक्त तिचे भाडे थोडे अधिक पडते.