११ कोटी उगाच देतात का?

शनिवारी आयटी पार्कजवळ तर्री-पोहे खाताना पुन्हा तोच वाद. कोणाची ट्रेड होणार, कोण किती कोटींचा! एक जण म्हणे, "बे, ११ कोटी उगाच देतात का?"

हो भाऊ, कधीकधी उगाचच! नोव्हेंबर २०२४ च्या आयपीएल लिलावात आपल्या विदर्भाच्या जितेश शर्मावर बंगळूरची बोली ७ कोटींवर थांबली होती. पंजाबने 'राइट टू मॅच' वापरलं, म्हणून नियमाप्रमाणे बंगळूरला आकडा वाढवायची संधी मिळाली. झाले ११! तेवढ्या वेळात जितेशचं कीपिंग सुधारलं का? नागपूरचा उमेश यादव डिसेंबर २०२३ मध्ये ५.८० कोटींना गेला, पुढच्याच लिलावात कुणी घेतला नाही. आणि २०२४-२५ च्या रणजीत विक्रमी ६९ बळी घेणारा हर्ष दुबे? हैदराबादकडे बदली खेळाडू म्हणून, ३० लाखांत!

बोली सांगते संघाची गरज आणि खिशातली शिल्लक, खेळाडूची लायकी नाही. विदर्भाने जिंकलेला तो रणजी अंतिम सामना जामठ्यालाच होता. आपल्यातले किती जण गेले? मीही नाही. पॅकेजवरून माणूस मोजायची सवय निदान मैदानावर तरी सोडूया की!