बहात्तरचा दाखला देणाऱ्यांनो, अर्धीच गोष्ट सांगू नका



आज फवारणी नाही, खताचा डोस नाही. आज भांडणाचं लिहितोय. जरा लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा, कारण विषय आपल्या खिशाचा आहे.

हवामान बदलाचं बोलणं निघालं की, मग ते पारावर असो, आडतीवर असो नाहीतर कृषी विभागाच्या मेळाव्यात, तीन पार्ट्या पडतात. पहिली म्हणते, "काही नवीन नाही, निसर्गाचं चक्र आहे. बहात्तरला काय कमी झालं होतं का?" दुसरी शहरातून गाडी घेऊन येते आणि सांगते, "शेतकऱ्यानं पद्धत बदलावी, जमिनीत कार्बन साठवावा, वर पैसे मिळतील." तिसरी खुर्चीत बसलेली असते. ती खांदे उडवते, "काय करणार, हवामान बदल झालाय ना."

माझं तिघांशीही भांडण आहे. सगळ्यात जास्त पहिल्या पार्टीशी, कारण ती आपलीच माणसं आहेत.

आधी बहात्तरचं बघू

आमच्या थोरल्यांनी त्या दुष्काळात खडी फोडलीय. सुकडी खाल्लीय, अमेरिकेतून आलेल्या मिलोच्या भाकरी गिळल्यात. त्याची थट्टा मी करणार नाही. पण बहात्तरचा दाखला देणारे तिथंच थांबतात. पुढं काय झालं ते सांगतच नाहीत.

पुढं असं झालं की "चक्र आहे" म्हणून कुणी हात बांधून बसलं नाही. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी राज्यभर उभी राहिली आणि 1977 ला तिचा कायदा झाला. पाझर तलाव झाले, नाला बांध झाले. कितीतरी गावांत आज त्याच तलावाखालच्या विहिरींवर बागायत चालते. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली आणि पाणी एकरावर न वाटता घरातल्या माणसांवर वाटायचं ठरवलं, भूमिहीनालासुद्धा हक्क दिला. मग बहात्तरचा धडा काय? संकट आलं की कामाला लागायचं, आणि त्याचा खर्च सरकारनं उचलायचा. जे आज बहात्तरचं नाव घेऊन "काही करायची गरज नाही" म्हणतात, ते बहात्तरच्या लोकांवरच अन्याय करतात.

आता "नवीन काय" ते सांगतो. पूर्वी कोरडं वर्ष कोरडं असायचं, ओलं वर्ष ओलं. आता एकाच हंगामात दोन्ही. 2023 चा ऑगस्ट हा देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता. सोयाबीन फुलात, शेंगा धरायची वेळ, आणि आभाळ कोरडं. 2025 ला उलटं. पाऊस 26 मे रोजीच मुंबईत, इतक्या लवकर आल्याची नोंदच नाही. उन्हाळी मशागत राहिली, कुळवाच्या पाळ्या राहिल्या. आणि सप्टेंबरात मराठवाड्यात अन् सोलापूरकडं सीनेच्या काठाला काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. सोयाबीन तर गेलंच, माती पण गेली. पीक पुढच्या वर्षी येतं हो. खरवडून गेलेला मातीचा थर आपल्या हयातीत परत येत नाही.

हे नुसतं आपलं वाटणं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी कोल यांच्या गटानं 1950 ते 2015 च्या पावसाच्या नोंदी तपासल्या. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेशापासून ओडिशापर्यंतच्या पट्ट्यात मोठ्या भागावर कोसळणाऱ्या अतिमुसळधार पावसाच्या घटना या काळात तिपटीनं वाढल्या. 2017 ला तो अभ्यास छापून आला. कारण समजायला अवघड नाही. हवा 1 अंशानं तापली की ती जवळपास 7 टक्के जास्त बाष्प धरते. अरबी समुद्र तापतोय, तिथून बाष्प उचललं जातं आणि एकदाच ओतलं जातं.

"चक्र" म्हणणाऱ्यांना एकच विचारतो. चक्र असेल तर ते कधीतरी खाली यायला पाहिजे ना? हवेतला कार्बन डायऑक्साइड कारखानदारी सुरू व्हायच्या आधी दहा लाखांत 280 भाग होता. आज 420 च्या वर आहे. हवाईतल्या मौना लोआवर 1958 पासून मोजणी चालू आहे. वर्षभरात आकडा थोडा खालीवर होतो, पण वर्षाची सरासरी एकदाही मागं आलेली नाही.

काही शिकलेले मित्र म्हणतात, "कार्बन डायऑक्साइड म्हणजे पिकाचं अन्न, वाढला तर बरंच की." अर्धं खरं आहे. सोयाबीन, तूर, कापूस, गव्हाला त्याचा थोडा फायदा होतो. ऊस, मका, ज्वारीला फारसा नाही. पण तो फायदा पाणी आणि तापमान बेताचं असेल तेव्हाचा. फुलोऱ्यात उष्णता वाढली की फुलगळ होते. रात्री गरम राहिल्या की दिवसा कमावलेलं पीक रात्री श्वासात खर्च करतं. 2022 चा मार्च आठवा, 1901 पासूनचा सगळ्यात तापलेला. उत्तरेत गव्हाचा दाणा बारीक पडला आणि मे महिन्यात केंद्रानं गव्हाची निर्यात बंद केली. ताटात वाढलेलं वाढलं, पण तोंडच भाजलं तर खाणार कसं?

आता खिशाचं बोलतो. "काही नवीन नाही" असं आपण शेतकऱ्यांनीच म्हटलं, तर त्याचा अर्थ काय होतो? विम्याचे निकष जुनेच बरोबर, मदतीचे दर जुनेच बरोबर, पूल-मोऱ्यांची मापं जुनीच बरोबर. म्हणजे आपण आपल्याच दाव्यावर "तक्रार नाही" असं लिहून अंगठा मारतो. समोरच्याला वकील लावायची गरजच उरत नाही.

आता गाडीतून येणारे

आमच्या भागात एक प्रतिनिधी कार्बन क्रेडिटचा करार घेऊन आला होता. वीस वर्षांची अट पहिल्या पानावर ठळक, आणि शेतकऱ्याचा वाटा किती ते शेवटच्या पानावर बारीक अक्षरात. मी त्याच्यासमोरच हिशोब मांडला. तुम्हीही मांडून बघा.

एका एकरात वरच्या अर्ध्या फुटात साधारण 8 लाख किलो माती असते. सेंद्रिय कर्ब 0.4 वरून 0.5 टक्क्यावर नेला, म्हणजे 0.1 ची वाढ, म्हणजे 800 किलो कर्ब. त्याचा कार्बन डायऑक्साइड काढायला 3.67 नं गुणायचं. आले 2.9 टन. एक क्रेडिट म्हणजे 1 टन. म्हणजे एकराला पुरते 3 क्रेडिट नाहीत. आपल्या उन्हात एवढी वाढ करायलाही काही वर्षं सलग शेणखत, पाचट, हिरवळीचं खत घालावं लागतं. क्रेडिटला हजार रुपये भाव धरला तरी इतक्या वर्षांचे मिळून तीन हजारसुद्धा नाहीत. त्यातून मोजणी, तपासणी आणि कंपनीचा वाटा वजा. मधेच एखाद्या वर्षी नांगरट केली तर काय, हे विचारलं तर उत्तर आलं नाही.

कर्ब वाढवायचाच आहे. पण तो आपल्यासाठी. कर्ब असलेली जमीन खंडात जास्त तग धरते आणि मोठ्या पावसात पाणी पिते. ते आपलं उत्पन्न आहे, ते कुणाला वीस वर्षांच्या बोलीवर का लिहून द्यायचं? आणि दुसरी मेख बघा. माझं क्रेडिट विकत घेणारा कोण, तर कोळसा जाळणारा. म्हणजे मी पाचट कुजवायचं आणि त्यानं ते कागदावर दाखवून धुराडं चालूच ठेवायचं.

धूर कुणाचा, तेही स्वच्छ बोलू. देशाच्या एकूण हरितगृह वायूंत ऊर्जेचा वाटा 75 टक्क्यांच्या आसपास आणि शेती-पशुपालनाचा 14 टक्क्यांच्या आसपास. आपला वाटा शून्य नाही. जनावरं आहेत, भात आहे, युरिया आहे. युरियातून निघणारा नायट्रस ऑक्साइड कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापवतो. म्हणून गरजेपेक्षा जास्त युरिया टाकू नका, तो पैसाही तुमचाच उडतोय. पण 14 वाल्यानं करार करायचा आणि 75 वाल्यानं भाषण करायचं, हे चालणार नाही.

इथं काहीजण म्हणतील, "मग अमेरिकेनं आधी कमी करावं." बरोबर आहे. तिथला माणूस वर्षाला 14 टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, आपला 2 टनांच्या आसपास. त्यांच्याकडून वसुली झालीच पाहिजे. पण शेजाऱ्यानं पेटवलेली आग माझ्या सोयाबीनच्या गंजीपर्यंत आली, तर आधी गंजी वाचवायची आणि मग बांधावर उभं राहून भांडायचं. आपल्या सरकारनं 2021 ला ग्लासगोत 2070 चं वचन दिलंय. तेव्हा माझ्या नातवाचे केस पिकलेले असतील. तोवर गंजीचं काय?

आणि धूर कमी करण्यात आपलं नुकसानच आहे असंही नाही. रात्रीच्या लाइटीला पाणी द्यायला जाणारा माणूस साप, बिबट्या आणि डीपीच्या भरवशावर असतो. सौर वाहिनीवर दिवसा वीज मिळाली तर कोळसाही वाचतो आणि तो माणूसही. अट एकच. ऊन फुकट आहे म्हणून बोअर दिवसभर चालवला तर दहा वर्षांत पंप राहील आणि पाणी जाईल. पाण्याचा हिशोब गावानं आधी करावा, पॅनल मग बसवावेत.

आणि खुर्चीतले

यांना हवामान बदल मान्य आहे. फार लवकर मान्य आहे. कारण तो मान्य केला की स्वतःचं काहीच राहत नाही.

24 तासांत मंडळात 65 मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी. पण मोजणार कुठं, तर महसूल मंडळात एका ठिकाणी. माझ्या शेतापासून ते केंद्र 11 किलोमीटर लांब आहे. आता पाऊस बांध ओलांडून पडत नाही, आणि मंडळात 15-20 गावं. केंद्रावर 50 मिलिमीटर आणि आमच्या ओढ्याला पूर, असं झालं की कागदावर आमचा पूर झालेलाच नसतो. शिवाय 65 मिलिमीटर दिवसभर भुरभुर पडला तर जमीन पिऊन टाकते, तोच दीड तासात पडला तर माती घेऊन जातो. पाऊस बदलला, हे मान्य असेल तर माप का बदलत नाही?

विम्याचं तर विचारूच नका. 2025 च्या खरिपापासून राज्यात स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, पेरणीच न होणं आणि काढणीनंतरचं नुकसान हे चारही निकष काढून टाकले आणि फक्त पीक कापणी प्रयोग ठेवला. एक रुपयातला विमा बंद झाला आणि आपला 2 टक्के हप्ता परत सुरू झाला. म्हणजे आभाळाचा भरवसा ज्या वर्षी सगळ्यात कमी, त्याच वर्षी आभाळाचे निकष कागदावरून गेले. मंडळातल्या माळावरचं पीक बरं आलं तर सरासरी बरी येते, मग नदीकाठचा शेतकरी वाहून गेला तरी. आणि मदत? आपत्ती निवारणाच्या निकषात कोरडवाहूला हेक्टरी 8,500, म्हणजे एकरी 3,400. बियाण्याची एक बॅग आणि खताचं एक पोतं, संपलं. राज्य त्यात कधी भर घालतं, कधी नाही. ते पावसावर नाही, निवडणुकीवर ठरतं.

सगळा दोष आभाळाचा नाही, हेही बोललं पाहिजे. ओढ्यात घुसून केलेली शेती, रस्त्याच्या भरावाखाली न टाकलेली मोरी, टँकरच्या तालुक्यात वाढत गेलेला ऊस, हे हवामानानं केलेलं नाही. पाऊस वाढला म्हणून तर ओढा मोकळा करणं जास्त गरजेचं झालंय.

मग करायचं काय

शेतात करायचं ते आपण करू. उताराला आडवी पेरणी, रुंद वरंबा सरी (खंडात ओल धरते, जास्त पावसात पाणी काढते), सोयाबीनमध्ये तुरीचे तास, पाचट-भुसकट न जाळणं. यासाठी कुणाच्या पटण्याची वाट बघायची गरज नाही.

पण आभाळ एकट्याच्या बांधबंदिस्तीनं आवरत नाही. म्हणून येत्या ग्रामसभेत एवढे ठराव घ्या:

1. प्रत्येक गावात पर्जन्यमापक, आणि त्याची नोंद रोज चावडीवर.
2. अतिवृष्टी ठरवताना दिवसाच्या पावसाबरोबर तासाचा पाऊसही धरावा.
3. विम्यातले काढलेले चारही निकष परत आणावेत.
4. शेतीला दिवसा वीज, आणि त्याबरोबर गावाचा पाण्याचा ताळेबंद.
5. कार्बनचा कुठलाही करार ग्रामसभेत मोठ्यानं वाचल्याशिवाय कुणी सही करू नये.

हे ठराव मांडताना कुणीतरी उठून म्हणेलच, "पण हवामान बदल खरंच आहे का?" त्याच्याशी वाद घालत रात्र काढू नका. त्याला एवढंच विचारा, "दादा, नाही असं लिहून देतोस का? विम्याच्या अर्जाला जोडू."

तुमच्या मंडळाचं पर्जन्यमापक तुमच्या शेतापासून किती किलोमीटरवर आहे, ते खाली लिहा. गावाचं नाव टाका. यादी करून तहसीलला देऊ.