आधी इमारत, मग कॅमेरा

सोलापुरात टिळक चौकात किंवा चाटी गल्लीत उभे राहून एखाद्या जुन्या इमारतीचा संपूर्ण दर्शनी भाग टिपायचा म्हटले की पहिली अडचण जागेची येते. मागे सरकायला वाव नसतो, म्हणून कॅमेरा वर उचलावा लागतो. तो उचलला की सरळ भिंती वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकलेल्या दिसतात. संगणकावर त्या सरळ करता येतात. पण त्यासाठी चित्राचा वरचा भाग ताणावा लागतो. कोरीव काम बहुधा तिथेच असते आणि तिथलाच तपशील विरळ होतो.

यावरचा उपाय जवळजवळ छायाचित्रणकलेइतकाच जुना आहे. सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी पट्टी, भिंतीला समांतर ठेवायची आणि लेन्स तेवढी वर सरकवायची. या सरकवण्याला शिफ्ट म्हणतात. टेक्निकल कॅमेरा मुळात याच कामासाठी असतो. पुढे लेन्स, मागे डिजिटल बॅक, म्हणजे सेन्सर असलेली सुटी पेटी, आणि मध्ये या दोघांना मिलिमीटरच्या हिशेबाने सरकवणारी धातूची चौकट. अल्पा, कॅम्बो, आर्का-स्विस, लिनहॉफ ही त्यातली परिचित नावे.

हा कॅमेरा घेऊ पाहणारे बहुतेक जण चौकटीपासून सुरुवात करतात. आमच्या मते क्रम उलटा हवा. आधी इमारत आणि तिच्यासमोर मिळणारे अंतर, त्यावरून लेन्स, लेन्सला साजेशी बॅक आणि सर्वांत शेवटी चौकट. असे का, ते एका हिशेबावरून स्पष्ट होईल.

समजा, इमारत १८ मीटर उंच आहे, आपण १५ मीटरवर आहोत आणि कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर आहे. फेज वनच्या आयक्यू४ १५० या बॅकचा सेन्सर ५३.४ बाय ४० मिलिमीटरचा आहे. ३२ मिलिमीटरच्या लेन्सने इमारतीचा माथा चित्राच्या अक्षापासून सुमारे ३५ मिलिमीटरवर पडतो. आडव्या धरलेल्या सेन्सरची कड अक्षापासून २० मिलिमीटरवर असते, म्हणजे उरलेल्या १५ मिलिमीटरची शिफ्ट लागते. तेवढी दिली की चित्राचा सर्वांत दूरचा कोपरा केंद्रापासून ४४ मिलिमीटरवर जातो. रोडेनस्टॉकच्या ३२ मिलिमीटर एचआर डिगारॉन-डब्ल्यू लेन्सचे प्रतिमावर्तुळ, म्हणजे लेन्स जेवढ्या गोलात नीट चित्र उमटवते तो गोल, ९० मिलिमीटर व्यासाचे आहे, त्रिज्या ४५. काम जेमतेम भागते, पण भागते. सुमारे २५ मीटर रुंदीची भिंतही चित्रात मावते.

आता त्याच जागी त्याच कंपनीची, अधिक रुंद पाहणारी २३ मिलिमीटरची लेन्स लावू. माथा आता २५ मिलिमीटरवरच येतो आणि शिफ्ट ५ मिलिमीटर पुरते. पण हिचे प्रतिमावर्तुळ ७० मिलिमीटरचे, म्हणजे त्रिज्या ३५, आणि कोपरा जवळजवळ ३७ मिलिमीटरवर पडतो. वरचे कोपरे काळवंडतात. लेन्स जितकी रुंद तितकी गल्लीत सोयीची, हा समज इथे खोटा ठरतो.

लेन्स ठरली की बॅकचा प्रश्न येतो, आणि जुनी बॅक स्वस्तात घेणाऱ्यांची फसगत इथेच होते. श्नायडरच्या डिजिटार मालिकेतील रुंद लेन्स आकाराने लहान आणि रेषांना सरळ ठेवणाऱ्या. मात्र त्यांचा मागचा काचभाग सेन्सरच्या फार जवळ बसतो आणि कडेचे किरण सेन्सरवर तिरके येतात. फिल्मला त्याची फारशी बाधा नव्हती. सेन्सरचे पिक्सेल, म्हणजे प्रकाश गोळा करणारे सूक्ष्म घर, मात्र खोलगट असते. तिरका किरण त्याच्या भिंतीला अडतो किंवा शेजारच्या घरात शिरतो. परिणामी चित्राची एक बाजू हिरवट आणि दुसरी जांभळट होते. शिफ्ट जितकी जास्त तितका हा डाग गडद.

त्यावर उपाय आहे. प्रत्येक चित्रानंतर लेन्ससमोर दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा धरून, त्याच शिफ्टवर आणखी एक चित्र घ्यायचे. संगणक त्यावरून डाग वजा करतो. पण जिथे प्रकाशच कमी पोहोचला तिथे रंग वजाबाकीने परत येत नाही, फक्त खरखर, म्हणजे चित्राचा दाणेदारपणा, वाढते. आयक्यू४ सारख्या नव्या बॅकमध्ये तारांचे जाळे प्रकाशसंवेदी थराच्या मागे गेले आहे. त्यामुळे तिरके किरण त्या खूपच चांगले पेलतात. आधीच्या सीसीडी प्रकारच्या सेन्सरच्या बॅकना उष्णतेचाही त्रास होतो आणि शटर बराच वेळ उघडे राहिले की खरखर वाढते. उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणाऱ्या शहरात ही बाब दुय्यम मानता येत नाही.

फोकसचेही तसेच. ३.७६ मायक्रॉनच्या पिक्सेलला बॅक काही शतांश मिलिमीटर मागेपुढे बसली तरी फरक कळतो. म्हणून अल्पा पातळ पट्ट्या घालून हे अंतर जुळवण्याची सोय देते. जुन्या बॅकवर लेझर अंतरमापकाने मोजून फोकस लावावा लागे. नव्या बॅकच्या पडद्यावर चित्र मोठे करून तो थेट पाहता येतो. शटरबाबतही जुन्या लेन्स तपासून घ्याव्यात, कारण त्यांत असणारी कोपाल कंपनीची यांत्रिक शटर आता बनत नाहीत.

एवढा खर्च कशासाठी? आयक्यू४ १५० बाजारात आली तेव्हा एकट्या बॅकची किंमत ५० हजार डॉलरच्या आसपास होती. लग्नसमारंभ किंवा जाहिरातीसाठी ती घेण्याचे कारण नाही. बहुतेक वास्तुछायाचित्रकारांना कॅननची २४ मिलिमीटर टीएस-ई लेन्स किंवा फुजीफिल्मची २०२३ मधील ३० मिलिमीटर टिल्ट-शिफ्ट लेन्स पुरेशी आहे, असे आम्ही निःसंकोच म्हणू. दस्तऐवज म्हणून टिकणाऱ्या नोंदीची गोष्ट मात्र वेगळी. मुंबई सरकारने १८५५ साली तोफखान्यातील टॉमस बिग्ज यांना वास्तूंच्या छायाचित्रणासाठी नेमले. त्यांनी इथून सुमारे १०० किलोमीटरवरच्या विजापुरात घेतलेली चित्रे १८६६ च्या ग्रंथात छापली गेली. त्या इमारती तेव्हा कशा होत्या, हे आज त्यांतून पाहता येते.

सोलापूरची अशी पद्धतशीर नोंद व्हायला हवी. महापालिकेचे इंद्रभुवन, भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वर तलावाचा परिसर यांना समोर मोकळी जागा आहे. तिथे साधी शिफ्ट लेन्स चालेल. पेठांमधल्या वाड्यांना ती पुरणार नाही, आणि पाडले जाण्याची भीती त्यांनाच अधिक आहे. महापालिका, अहिल्यादेवी होळकर विद्यापीठ आणि शहरातील वास्तुविशारदांनी मिळून असा एकच संच घ्यावा: नव्या पिढीची बॅक, ३२ मिलिमीटरची लेन्स आणि परवडेल ती साधी चौकट. त्यातला पहिला खर्च लेन्सवर करावा, बॅक भाड्यानेही चालेल, आणि कामाला चाटी गल्लीपासून सुरुवात करावी.