पडण्याचे भय

डोंबिवलीतील लिफ्ट नसलेल्या एका जुन्या इमारतीत राहणाऱ्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या एक आजी पावसाळ्यात न्हाणीघरात घसरल्या. हाड मोडले नाही. मुका मार तेवढा बसला. “आता जपून राहा, पुन्हा पडू नका,” असे मी बजावले. तीन महिन्यांनी त्या आल्या, तेव्हा वजन चार किलोंनी घटले होते. खुर्चीतून उठताना हातांचा आधार लागत होता. तपासण्यांत दुसरे कारण आढळले नाही. माझा सल्ला घरच्यांनी अक्षरशः पाळला होता. पाण्याचा पेलाही आजींना जागेवर मिळत होता. चूक माझ्या सांगण्यात होती.

दुखापत शरीराला होते आणि भय मनात घर करते. भयाने चालणे थांबते, हालचाल नाही म्हणून भूक मंदावते, आहार घटला की स्नायू झिजतात आणि तोल ढळू लागतो. ज्याची धास्ती होती, तेच पडणे अशा रीतीने जवळ येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, ज्येष्ठांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व बळ वाढवणारे व्यायाम करावेत. प्रारंभ घरातच करता येतो. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून पाच वेळा सावकाश उठावे-बसावे. ओट्याला धरून टाचा उचलाव्यात. जवळ कोणीतरी असावे. छातीत दुखल्यास वा चक्कर आल्यास थांबून डॉक्टरांना कळवावे. दृष्टी, चालू औषधे आणि उभे राहताना उतरणारा रक्तदाब यांचीही तपासणी करून घ्यावी.

पन्नास किलो वजनाच्या ज्येष्ठास दिवसाला साधारण पन्नास ग्रॅम प्रथिने हवीत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे. एका अंड्यात सुमारे सहा, तर तीस ग्रॅम मूगडाळीत सुमारे सात ग्रॅम प्रथिने मिळतात. चहा-बिस्किटांवर ही गरज भागत नाही. ताट मात्र एकटीपुढे ठेवू नये. सोबत कोणी जेवायला बसले, की दोन घास अधिक जातात. तरीही दोन आठवडे उदासी व अन्नावरची अनिच्छा टिकली, तर “वयच झाले” म्हणून सोडून न देता उपचार घ्यावेत.

आजींना मी नवा सल्ला दिला: “रोज चाला, सोबत घेऊन चाला.” परवा त्या नातीचा हात धरून जिना उतरल्या आणि फडके रोडवरील गणेश मंदिरात जाऊन आल्या.