विकासाचे माप

१९७१ साली वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी दारिद्र्याची रेषा दरडोई दररोज २२५० उष्मांकांच्या आहारावरून आखली. पुढे पां. वा. सुखात्मे यांनी त्या मापालाच आक्षेप घेतला. माणसाची आहाराची गरज रोज सारखी नसते, आणि दूषित पाण्याने आतडी बिघडली की खाल्लेले अन्नही अंगी लागत नाही, असे त्यांचे म्हणणे.

अर्थशास्त्र व पोषणशास्त्र यांचा हा वाद मोलाचाच होता. परंतु घरात शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात काय उरते, हे सरासरी उष्मांकांत दिसत नाही. आणि पाणी स्वच्छ असले तरी ते सर्वांना भरता येते काय? पाण्याचा प्रश्न आरोग्याइतकाच माणुसकीचा आहे, हे महाडच्या सत्याग्रहाने १९२७ सालीच बजावले होते.

१९९० साली आलेल्या मानव विकास निर्देशांकाने उत्पन्नाला आयुर्मान व शिक्षण यांची जोड दिली. पाऊल पुढचे खरे. तथापि सरासरीत शेवटचा माणूस हरवतोच.

म्हणून शास्त्रांनी आपापली कुंपणे ओलांडली पाहिजेत. कार्यकर्त्यांनीही रेशन, पाणी व मजुरी यांची चौकशी सुटी सुटी न करता एकाच उंबरठ्यावर, आणि घरातल्या बाईला विचारून केली पाहिजे.