औषध सोडू नका, वजन लिहा

अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली कार्य आरंभिले आणि पुढे गावच्याच अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले. आरोग्याची राखण घराच्या उंबरठ्यावर होते, हा त्या कार्याचा धडा. आज तो एका वेगळ्या प्रसंगी आठवावा लागतो.

मानसिक आजारातून सावरणारी सून काही महिन्यांत स्थूल होते. ‘गोळ्यांनीच फुगली’ अशी कुजबुज सुरू होते आणि एके दिवशी गोळ्या कपाटातच राहतात. कुजबुजीत तथ्य असूही शकते. ओलांझापिन, व्हॅल्प्रोएट, इन्शुलिन, प्रेडनिसोलोन यांनी वजन वाढू शकते. त्या वेळची भूक हा रुग्णाचा हावरटपणा नव्हे. परंतु औषध परस्पर सोडल्यास आजार उलटतो. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकाएकी थांबविणे तर जिवावर बेतू शकते. इन्शुलिन घेणाऱ्याने न विचारता धरलेला कडक उपवासही घातक ठरतो.

म्हणून औषध सुरू होताच वजन व कंबरेचा घेर वहीत लिहावा. पहिले काही महिने नियमित नोंद ठेवावी. वाढ दिसताच वही डॉक्टरांपुढे ठेवावी. मात्रा बदलणे, पर्यायी औषध देणे, हा निर्णय त्यांचा. घराचे काम वेगळे: भाकरी बेताची, भाजी-डाळ अधिक, चहात साखर कमी आणि रोजचे चालणे. हे पथ्य एकट्या रुग्णावर न लादता साऱ्या कुटुंबाने पाळावे. टोमण्याने वजन उतरत नाही. सोबतीने औषधही टिकते आणि माणूसही.